किल्लारीची आठवण आणि चार्ल्सटनचे घर

न्यू जर्सीतील एका भगिनींचे पत्र आले आहे. ते लांब असल्यामुळे त्यातला मुख्य भाग तेवढा देतो.

“आम्ही नऊ वर्षे एडिसनला राहतो. यजमानांना दक्षिण कॅरोलिनात चार्ल्सटनजवळच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आहे आणि जूनपर्यंत आम्हाला तिकडे जायचे आहे. दोन घरे पाहून ठेवली आहेत. एक माउंट प्लेझंटमध्ये, खाडीच्या दलदलीला लागून, खांबांवर उचललेले लाकडी घर आहे. समोर पाणी आणि बगळे. दुसरे समरव्हिलमध्ये, चार्ल्सटनपासून पंचवीस मैल आत, विटांचे, एकमजली, २००६ मध्ये बांधलेले. माझे माहेर औसा तालुक्यातले. १९९३ च्या भूकंपात मी सात वर्षांची होते. आमचे घर वाचले, पण आत्याचे वाचले नाही. चार्ल्सटनचा १८८६ चा मोठा भूकंप समरव्हिलच्याच जवळ झाला हे वाचल्यापासून मला त्या घराचे नाव नको झाले आहे. यजमान श्रीवर्धनचे. ते म्हणतात, वादळ सांगून येते, त्याला काय भ्यायचे, आम्ही निसर्ग वादळ पाहिले आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात, वय ७६, गुडघ्यांचा त्रास आहे. भूकंपाला जास्त भ्यावे की वादळाला, आणि कोणते घर घ्यावे, हे कृपया स्पष्ट सांगावे.”

सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्पष्ट उत्तर मागितले आहे, म्हणून ते आधीच देतो. चार्ल्सटनच्या परिसरात घर घेणाऱ्याने सर्वांत आधी भ्यायचे ते पाण्याला, त्यानंतर वाऱ्याला आणि त्यानंतर भूकंपाला. या क्रमाने पाहिले तर तुमच्या दोन घरांपैकी समरव्हिलचे घर मला अधिक बरे वाटते. मात्र ही पसंती काही अटींवर आहे. त्या अटी घर घेण्यापूर्वी जागेवर जाऊन तपासाव्या लागतील आणि त्यातल्या एक-दोन जरी फसल्या तरी मी माझे मत बदलीन. मी १९९८ पासून या राज्यात बांधकाम अभियंता म्हणून काम करतो आणि विकत घ्यायच्या घरांची तपासणी हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, त्यामुळे पुढचे थोडे तपशिलाने लिहितो.

पत्र वाचताना एक गोष्ट जाणवली. तुम्ही भूकंप मोजता तो किल्लारीच्या मापाने आणि तुमचे यजमान वादळ मोजतात ते निसर्गच्या मापाने. दोन्ही मापे खरी आहेत, पण ती ज्या घरांवर आणि ज्या जमिनीवर घेतली गेली ती इथे नाहीत. तुमच्या घरात या विषयावर जो वाद चालू असेल, तो माझ्या मते दोन गावांच्या आठवणींमधला वाद आहे. चार्ल्सटनचा त्यात फारसा संबंध नाही.

आधी तुमच्या मापाचे बघू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला जो भूकंप झाला त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती आणि त्यात दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. ३१ ऑगस्ट १८८६ रोजी रात्री दहाला काही मिनिटे कमी असताना चार्ल्सटनला झालेल्या भूकंपाची तीव्रता आजच्या अंदाजाप्रमाणे सातच्या आसपास होती, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने तो किल्लारीच्या दहा-पंधरापट मोठा होता. त्याचे धक्के बोस्टन, शिकागो आणि क्यूबापर्यंत जाणवले. चार्ल्सटनची वस्ती तेव्हा पन्नास हजारांच्या पुढे होती, आणि नोंदलेले मृत्यू साठच्या आसपास आहेत. इतका फरक कशामुळे पडला? एक तर लोक जागे होते. पण त्याहून मोठे कारण तुम्ही सातव्या वर्षी डोळ्यांनी पाहिले आहे: मातीत रचलेल्या दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ते घर हलले की भिंतीचे दोन पदर सुटे होतात आणि वरचा भार झोपलेल्या माणसावर येतो. चार्ल्सटनमध्ये विटांच्या इमारतींची दैना झाली, हजारो धुराडी कोसळली, पण लाकडी सांगाड्याची घरे वाकली, पायावरून सरकली, तरी बहुतेक उभी राहिली. हलके आणि लवचीक घर भूकंपात माणसाला मारत नाही, निदान सहजासहजी मारत नाही.

त्या भूकंपाची खूण तुम्हाला चार्ल्सटनच्या जुन्या भागात आजही बघायला मिळेल. विटांच्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर मजल्याच्या उंचीला ओळीने लोखंडी चकत्या दिसतात. कुठे साध्या गोल, कुठे चांदणीच्या आकाराच्या, तर कुठे सिंहाच्या तोंडाच्या. त्यांना तिकडे भूकंपाचे बोल्ट म्हणतात. भूकंपानंतर फुगलेल्या भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून घराच्या आरपार लोखंडी सळया घालून बाहेरून या चकत्यांनी आवळल्या गेल्या. पर्यटकांना ती शोभा वाटते आणि दलालही ती शोभा म्हणूनच दाखवतात. जुन्या शहरातले असे एखादे घर तुमच्या यादीत नाही याचे मला समाधान वाटते, कारण दीडशे वर्षांची वीट, भराव घातलेली जमीन आणि भरतीचे पाणी हे तिन्ही त्या भागात एकत्र येतात.

आता यजमानांच्या मापाकडे वळू. ३ जून २०२० रोजी निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटर होता. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा त्यात कशा झोपल्या हे तुमच्या सासूबाई सांगतीलच. २१ सप्टेंबर १९८९ च्या मध्यरात्री चार्ल्सटनच्या किंचित उत्तरेला ह्यूगो नावाचे हरिकेन (अटलांटिकातल्या मोठ्या चक्रीवादळाला इथे हरिकेन म्हणतात) धडकले, त्याचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात होता. वेग दुप्पट झाला की भिंतीवर आणि छपरावर पडणारा दाब चौपट होतो. त्यामुळे निसर्ग सोसले म्हणून ह्यूगोही सोसू, हा हिशेब चुकीचा आहे. ह्यूगोने किनाऱ्यापासून दोनशे मैल आत असलेल्या शार्लट शहरातली झाडे पाडली आणि तिथली वीज कित्येक दिवस घालवली. तेव्हा समरव्हिलला वारा लागणार नाही असेही कुणी समजू नये.

वादळ सांगून येते हे यजमानांचे म्हणणे मात्र खरे आहे. भूकंपाला पूर्वसूचना नसते. कॅलिफोर्नियात काही सेकंद आधी फोन वाजवणारी जी यंत्रणा आहे, ती पूर्व किनाऱ्यावर नाही. हरिकेनची चाहूल चार-पाच दिवस आधी लागते. पण सांगून येणाऱ्या पाहुण्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा आपण खरोखर घर सोडून जातो. १९८९ नंतर हे लिहीपर्यंत या राज्याच्या किनाऱ्यावर तिसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीचे (पहिली सर्वांत सौम्य, पाचवी सर्वांत जोरदार) एकही हरिकेन धडकलेले नाही. २०१६ चे मॅथ्यू आणि २०२२ चे इयान किनाऱ्याला लागताना पहिल्या श्रेणीचे होते. याचा अर्थ असा की आज माउंट प्लेझंटमध्ये राहणाऱ्या कित्येक कुटुंबांनी खरे मोठे वादळ अंगावर घेतलेलेच नाही, आणि “आम्ही तर कधी कुठे गेलो नाही” असे सांगणारा शेजारी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल. त्याचा अनुभव त्या पहिल्या श्रेणीपुरता धरावा.

श्रेणीबद्दल आणखी एक खुलासा करतो, कारण फसगत इथेच होते. हरिकेनची श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते. समुद्र किती फुगेल आणि पाऊस किती पडेल हे ती श्रेणी सांगत नाही. आणि अमेरिकेत या वादळांनी थेट घेतलेल्या बळींपैकी, १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांच्या नोंदींनुसार, दहातले नऊ पाण्यामुळे गेले आहेत. त्यांतले जवळजवळ निम्मे केवळ समुद्राच्या वादळी उधाणामुळे. म्हणूनच राष्ट्रीय हरिकेन केंद्र २०१७ पासून उधाणाचा इशारा वाऱ्यापासून वेगळा काढून देते.

ह्यूगोच्या रात्रीची एक हकिगत इथे सर्वांना ठाऊक आहे. चार्ल्सटनच्या ईशान्येला मॅक्लेलनव्हिल नावाचे कोळंबी धरणाऱ्यांचे छोटे गाव आहे. तिथली शाळा निवारा म्हणून ठरलेली होती आणि कागदोपत्री तिची उंची समुद्रसपाटीपासून वीस फूट लिहिलेली होती. प्रत्यक्षात ती त्याच्या निम्मीच होती. मध्यरात्रीनंतर पाणी दारांतून आत शिरले आणि भराभर चढू लागले. अंधारात शेकडो माणसांनी आधी मुलांना टेबलांवर उभे केले, मग टेबले तरंगू लागल्यावर खांद्यांवर घेतले. पाणी छातीपर्यंत येऊन थांबले आणि सगळे वाचले, पण ते उंचीच्या नोंदीमुळे नव्हे. त्या रात्री तिकडच्या किनाऱ्यावर समुद्र वीस फुटांच्या आसपास चढला होता. मी हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्याच्या आधी जमिनीची उंची विचारा, एवढ्यासाठी सांगतो.

आता माउंट प्लेझंटच्या घराबद्दल. ते खांबांवर उचललेले आहे ही जमेची बाजू आहे, कारण उधाणाचे पाणी खालून जाऊ शकते. पण नुसते उचललेले असून भागत नाही. किती उचललेले आहे हे कागदावर हवे. सरकारी पूरनकाशावर ते घर कोणत्या विभागात येते ते बघा. दलदलीला लागून असल्यामुळे ते ‘एई’ या पुराचा मोठा धोका असलेल्या विभागात असण्याची दाट शक्यता आहे, आणि लाटांचा मारा धरला असेल तर ‘व्हीई’ विभागात. विक्रेत्याकडे उंचीचा दाखला मागा. हा दाखला अधिकृत सर्वेक्षक देतो आणि त्यात राहत्या मजल्याची पातळी पुराच्या अपेक्षित पातळीपेक्षा किती वर किंवा खाली आहे हे फुटांच्या दशांशात लिहिलेले असते. पातळी दोन-तीन फूट वर असेल तर घर विचारात घेण्यासारखे आहे. बरोबरीने असेल किंवा खाली असेल तर बगळ्यांना लांबूनच नमस्कार करावा. या नकाशांवर जो ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणतात त्याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदा असा लोक घेतात. खरा अर्थ दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता असा आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती शक्यता सव्वीस टक्क्यांवर जाते. चौघांत एकाहून थोडी जास्त. एवढी जोखीम आपण एरवी कोणत्या व्यवहारात पत्करतो याचा यजमानांनी शांतपणे विचार करावा.

त्या घराची दुसरी अडचण अशी की पुरासाठी जे चांगले तेच भूकंपासाठी वाईट ठरू शकते. बारीक पायांवर जड धड ठेवले आणि जमीन आडवी हलली, तर पहिला ताण त्या पायांवर येतो; भूजला २००१ मध्ये खाली वाहनतळ ठेवलेल्या कित्येक इमारती याच कारणाने खालच्या मजल्यावर बसल्या. खांबांमध्ये तिरपे ताण दिलेले आहेत का, खांब आणि तुळई यांचे सांधे पोलादी पट्ट्यांनी बांधलेले आहेत का, आणि खाऱ्या हवेने त्या पट्ट्या गंजून कागदासारख्या झाल्या आहेत का, हे बघायला खाली वाकून जावे लागते. मी गेल्या वर्षी तपासलेल्या अशाच एका घरात वरचा मजला आरशासारखा लखलखीत होता आणि खालच्या पट्टीला बोट लावले तर बोटावर तांबडी भुकटी आली. त्यात दलदलीच्या काठची वाळू पाण्याने भरलेली असते. जोराने हलली की ती काही क्षण घट्टपणा सोडते आणि पातळ होते. १८८६ मध्ये या सगळ्या भागात जमिनीतून वाळूचे कारंजे उडाले होते. म्हणजे भूकंपापासून लांब म्हणून किनाऱ्याचे घर घ्यावे हा तुमचा विचार मुळातच टिकत नाही. पंचवीस मैलांचे अंतर सात तीव्रतेच्या भूकंपाला काहीच नाही, आणि किनाऱ्याची जमीन उलट अधिक बेभरवशाची आहे.

सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्नही इथेच येतो. उचललेल्या घराला चौदा-पंधरा पायऱ्या असतात. लिफ्ट असली तर वीज गेल्यावर ती नसल्यासारखीच. शिवाय शरद ऋतूत, वारा-पाऊस काहीही नसताना, मोठ्या भरतीला या भागातले काही रस्ते पाण्याखाली जातात. आकाश निरभ्र असते आणि गाडीची चाके खाऱ्या पाण्यात असतात. डॉक्टरकडे जायचा दिवस त्या दिवशी आला तर काय करायचे, याचा विचार सुट्टीच्या घरासाठी करावा लागत नाही. राहत्या घरासाठी करावा लागतो.

समरव्हिलच्या घराकडे वळतो. ‘विटांचे’ हा शब्द वाचून तुमच्या मनात आत्याचे घर आले असेल, ते स्वाभाविक आहे; पण २००६ चे अमेरिकेतले विटांचे घर बहुतेक वेळा विटांचे नसतेच. आतला सांगाडा लाकडी असतो, भार तोच पेलतो, आणि बाहेर विटांचा एकपदरी पापुद्रा शोभेसाठी व पावसापासून बचावासाठी लावलेला असतो. भूकंपात तो पापुद्रा सुटून अंगणात पडू शकतो. घर तुमच्या डोक्यावर येत नाही. हादरे बसत असताना बाहेर पळू नये, टेबलाखाली जाऊन त्याचा पाय धरून बसावे, असे जे सांगतात त्याचे हेही एक कारण आहे. किल्लारीने आपल्या लोकांना बाहेर पळायला शिकवले आणि माळवदाच्या घरात तेच बरोबर होते. इथे ती सवय मोडावी लागेल, मुलांची आणि विशेषतः तुमची स्वतःची.

तरीही गृहीत धरू नका, उघडून बघा. तपासनिसाबरोबर स्वतः माळ्यावर चढा आणि विजेरी घेऊन छपराची लाकडे भिंतीवर जिथे टेकतात तिथे पाहा. प्रत्येक सांध्याला वितभर लांबीची, जस्त चढवलेली पोलादी पट्टी खिळ्यांनी ठोकलेली दिसली पाहिजे. ही पट्टी छप्पर उडू नये म्हणून असते. मग खाली पायाजवळ जा आणि भिंतीची खालची लाकडी पट्टी काँक्रीटला बोल्टने आवळलेली आहे का ते बघा. छपरापासून पायापर्यंत ही बांधणी सलग असेल तर वारा घर उचलू शकत नाही आणि भूकंप ते पायावरून सरकवू शकत नाही. दोन्ही संकटांवर एकच इलाज निघण्याची ही दुर्मीळ जागा आहे. विटांचे उंच धुराडे असेल तर ते उतरवून घ्यायचा खर्च किमतीत धरा. पाणी तापवायची टाकी भिंतीला पट्ट्याने बांधलेली नसेल तर ते काम शंभर-दोनशे डॉलरात होते. घराच्या उंचीइतक्या अंतरात मोठे पाइन असतील तर वृक्षतज्ज्ञाला दाखवा. समरव्हिल पाइनच्या झाडांसाठी प्रसिद्ध आहे आणि वादळात तिथे जे छप्पर फुटते ते बहुतेक वेळा वाऱ्याने नव्हे, झाडाने फुटते.

समरव्हिल किनाऱ्यापासून आत आहे म्हणून ते कोरडे असेल असे मात्र धरू नका, आणि माझी सर्वांत मोठी अट हीच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये या राज्यात एकही हरिकेन धडकले नव्हते, तरी चार दिवसांच्या पावसाने चार्ल्सटनच्या परिसरात काही ठिकाणी वीस इंचांहून अधिक पाणी ओतले आणि अॅशली नदीच्या व कालव्यांच्या काठच्या वसाहती बुडाल्या. घर पूरनकाशाच्या ‘एक्स’ म्हणजे कमी धोक्याच्या विभागात हवे, आणि तेवढ्यावर न थांबता २०१५ मध्ये त्या गल्लीत पाणी कुठपर्यंत आले होते हे समोरच्या आणि मागच्या शेजाऱ्यांना विचारायला हवे. विक्रेत्याने भरून द्यायच्या निवेदनातले पुराविषयीचे प्रश्न आणि घरावरचे आधीचे विमा दावे, दोन्ही लेखी मागा. वाहन ठेवायच्या खोलीत भिंतीच्या जिप्सम फळीचा खालचा फूट-दोन फूट भाग नवा आणि वरचा जुना दिसला, तर कोणी काहीही सांगो, तिथे पाणी आले होते.

राहता राहिला भूकंपाच्या शक्यतेचा प्रश्न. जमिनीत सापडलेल्या जुन्या वाळूच्या कारंज्यांवरून भूशास्त्रज्ञांनी असा अंदाज केला आहे की इथे १८८६ सारखा भूकंप साधारण पाचशे-सहाशे वर्षांनी होत आला आहे. भूकंप वेळापत्रकाने येत नाहीत, त्यामुळे ‘अजून चारशे वर्षे आहेत’ असे कोणी म्हणू नये. पण तीस वर्षांच्या मुदतीत ढोबळमानाने ती शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास निघते. वरच्या सव्वीस टक्क्यांशेजारी ती ठेवून पाहा. समरव्हिलला अधूनमधून बारीक हादरे बसतात. रात्री एखादा गडगडाट होऊन खिडक्या वाजतील आणि तुम्हाला त्या पहाटेची आठवण होईल. त्याचे ओझे तुम्हालाच उचलायचे आहे, आणि माझ्या टक्केवारीने ते हलके होणार नाही हे मी जाणतो. तुम्हाला त्या घरात खरोखरच झोप लागणार नसेल, तर तेही एक कारणच आहे आणि यजमानांनी ते ऐकून घेतले पाहिजे.

विम्याचे थोडक्यात सांगतो, पण लक्षपूर्वक वाचा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर नसतो आणि भूकंपही नसतो. दोन्ही वेगळे घ्यावे लागतात. सरकारी पूरविम्यात घरासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख मिळतात. तो घेतल्यापासून तीस दिवसांनी लागू होतो. फक्त कर्जाच्या व्यवहाराबरोबर घेतला तर लगेच. वादळ बातम्यांत दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. ‘एक्स’ विभागातही तो घ्या. वाऱ्याच्या बाबतीत मेख अशी की आपण सोसायची रक्कम नुकसानीच्या नव्हे, घराच्या विमा किमतीच्या टक्क्यांत असते. साडेचार लाखांच्या घरावर पाच टक्के म्हणजे पहिले साडेबावीस हजार डॉलर तुमचे. भूकंपाच्या विम्यात ही रक्कम बहुधा दहा टक्के किंवा त्याहून जास्त असते, म्हणजे पंचेचाळीस हजार. तुमच्यासारख्या लाकडी सांगाड्याच्या घराला भूकंपाचा विमा घ्यावा का, यावर मतभेद आहेत. मी स्वतः घेतला आहे. किनाऱ्याच्या घरासाठी वाऱ्याचा विमा बरेचदा वेगळा, राज्याच्या खास मंडळाकडून घ्यावा लागतो. दोन्ही घरांची तिन्ही विम्यांची लेखी दरपत्रके बोली लावण्यापूर्वी मागवा. बगळ्यांची खरी किंमत त्या कागदावर दिसेल.

घर कोणतेही घेतले तरी सोडून जायची तयारी लागेलच. सप्टेंबर १९९९ मध्ये फ्लॉइड हरिकेनच्या वेळी आम्ही चार्ल्सटनहून राज्याच्या राजधानीला, कोलंबियाला, निघालो. एरवी दोन तासांची वाट; आम्हाला सोळा तास लागले. पाठीमागे दोन वर्षांची मुलगी, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि पुढे दिवे लावून उभ्या असलेल्या गाड्यांची क्षितिजापर्यंत रांग. बाजूच्या, शहराकडे येणाऱ्या मार्गिका रिकाम्या पडल्या होत्या. त्यानंतर त्या मार्गिका उलट्या फिरवायची पद्धत सुरू झाली, आणि २०१६ मध्ये मॅथ्यूच्या वेळी ती वापरली गेली. फ्लॉइड शेवटी उत्तर कॅरोलिनाकडे वळले. माझ्या ओळखीच्या कित्येकांनी तेव्हा पुन्हा कधी न निघण्याचा निश्चय केला. मी पुढच्या वेळी एक दिवस आधी निघायचे ठरवले. सासूबाईंसाठी तुम्हीही आदेशाची वाट न बघता आदल्या दिवशी निघावे, आणि जायचे कुठे ते मे महिन्यातच ठरवावे. राज्याने परिसराचे अक्षरांनी विभाग पाडले आहेत आणि बाहेर पडायचे आदेश त्या अक्षरांनुसार निघतात. तुमच्या दोन्ही घरांचे अक्षर आजच बघून ठेवा. किनाऱ्याचे घर पहिल्याच आदेशात रिकामे करावे लागेल. समरव्हिलच्या घरातून कदाचित बरेचदा निघावे लागणार नाही, पण तिथे आठवडाभर विजेविना राहायची तयारी हवी. जनित्र घेतलेत तर ते घराबाहेर, खिडक्यांपासून दूर चालवा. वादळ ओसरल्यावर जनित्राच्या धुराने घरातल्या घरात माणसे जातात.

शेवटी, जूनमध्येच घर विकत घेण्याची घाई कशासाठी, हे तुमच्या पत्रातून मला कळले नाही. हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास येतो. समरव्हिलमध्ये सहा महिने भाड्याने राहा. मोठ्या पावसात, भरतीच्या वेळी, दोन्ही घरांच्या गल्लीतून गाडी फिरवून या. सासूबाईंना बरोबर न्या आणि उचललेल्या घराच्या पायऱ्या त्यांना एकदा चढून पाहू द्या. दलाल तुम्हाला सांगेल की तोपर्यंत घर हातचे जाईल. जाऊ द्या. आणि उंचीचा दाखला मिळाला की त्याची प्रत मला पाठवा. त्यातले आकडे बघून मी नक्की काय ते कळवीन.